मागची चाकं घासू नयेत म्हणून

फर्गस फॉल्स, मिनेसोटा
२७ मार्च १९९४

प्रिय आर्डिस,

आज रविवार. सकाळी थोडा बर्फ पडला, दुपारपर्यंत वितळला. चर्चला जाऊन आलो. जेवलो. मग गॅरेजमध्ये जाऊन मार्लिसच्या व्हॅलियंट गाडीला मागचे नवे टायर चढवले.

हे टायर तिनं नोव्हेंबरात फोन करून मागवले होते. जुन्यांपेक्षा बरेच रुंद आहेत. डिसेंबरात ते आले तेव्हा ती हॉस्पिटलात होती, म्हणून मी ते पुढच्या खोलीत उभे करून ठेवले. जानेवारीत ती गेल्यावर लोक भेटायला आले तेव्हा खुंट्या पुरल्या नाहीत, आणि त्यांनी टायरांवर कोट ठेवले. नंतरही टायर तिथंच राहिले.

गाडी रिकामी असली की सगळं ठीक आहे. मागं कुणी बसलं की गाडी खाली येते आणि टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतो. तुमचा ऑरविल कॉफीला आला होता, त्याला मागं बसवून पाहिलं. आपल्या बहिणीच्या गाडीनं आपल्याला असं वागवावं, याचं त्याला वाईट वाटलं.

गाडी मागून थोडी उचलता येते का? तुम्ही दोघी वडिलांच्या गॅरेजात वाढलात. मी चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात होतो. इथल्या गॅरेजवाल्याला विचारलं असतं, पण आधी तुला विचारावं असं वाटलं.

तुझी तब्येत बरी असेल.

तुझा,
एडविन

---

जेम्सटाउन, नॉर्थ डकोटा
४ एप्रिल

एडविन,

तुझं पत्र म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर. माणूस कसा आहे ते त्यात कुठंच नाही. जेवतोस का? की बायकांनी ओव्हनमध्ये भाजून आणून दिलेल्या हॉटडिशवरच अजून चाललंय?

गाडी उचलता येते. पण आधी एक विचारते, आणि सरळ उत्तर दे. गाडी विकायची आहे का? तीन महिने झाले नाहीत तोवर नवे टायर, उंची, टापटीप. मला असली तयारी कळते. आमच्या वडिलांकडं लोक गाड्या आणायचे, म्हणायचे जरा नीट दिसेल असं करा, आणि पुढच्या आठवड्यात खिडकीत पाटी. विकायची असेल तर वीक. तुझी आहे. पण मला टायरांच्या आडून सांगू नकोस.

विकायचीच असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे हवेचे शॉकअब घाल. पंपानं हवा भरली की मागची बाजू वर. घेणाऱ्याला ऐटबाज वाटते.

आमच्याकडं अजून बर्फ आहे. त्या जानेवारीच्या वादळासारखा नाही, पण आहे.

आर्डिस

---

फर्गस फॉल्स
९ एप्रिल

प्रिय आर्डिस,

गाडी विकायची नाही. मी नीट लिहिलं नाही, चूक माझी.

जमीन मऊ झाली की मार्लिसला पुरायचं आहे. स्मशान बघणारा डेल्बर्ट दर आठवड्याला जमिनीत सळई खुपसून बघतो. अजून हातभर खाली दगडासारखी आहे म्हणाला. पण मे महिन्यात होईल, आणि पाळकांनी २१ मे, शनिवार, असा दिवस धरला आहे. तोवर तिची राख असलेली पेटी जेवणाच्या खोलीतल्या कपाटात आहे. चांगल्या बश्यांशेजारी. दुसरी जागा मला सुचली नाही.

डिसेंबरात एकदा तिनं मला सांगितलं होतं. म्हणाली, "मला त्या काळ्या लांब गाडीतून नेऊ नकोस. तिची मागची चाकं म्हाताऱ्या बाईच्या पायांसारखी दिसतात." मी बरं म्हणालो. ती हसली, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. पण ते तिनं गंमत म्हणून म्हटलं नव्हतं, असं मला वाटतं.

म्हणून तिला तिच्या गाडीतून न्यायचं आहे, तिनं निवडलेल्या टायरांवर. स्मशानाजवळच्या त्या चर्चकडं जाणारा रस्ता तुला माहीत आहे. खडीचा, आणि बर्फ वितळल्यावर खड्ड्यांचा. पुढं मी, आणि माझ्या शेजारी पेटी. तिला मागं बसवायचं मला पटत नाही. मागं ऑरविल आणि तू. म्हणजे सगळं वजन मागं.

हवेचे शॉकअब नकोत. मागून उचललेल्या गाड्यांना ती पाणी प्यायला वाकलेली कोंबडी म्हणायची. टायर घासणार नाही इतकीच उंची हवी, त्याहून जास्त नको.

तू येशील ना? डावीकडची जागा तुझी. ऑरविलला उजवीकडं बसवू, तिकडचं दार मोठं उघडतं.

तुझा,
एडविन

---

जेम्सटाउन
१३ एप्रिल

एडविन,

पाणी प्यायला वाकलेली कोंबडी ती माझ्याच फोर्डला म्हणाली होती. सत्तावन्नची, हिरवी. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. मग तिनं माझ्या गाडीच्या बॉनेटवर मूठभर मका ठेवला. दाणे, कोंबडीला टाकतात तसे. अशा बाईशी तू चाळीस वर्षं राहिलास, आणि तुझे केस अजून जागेवर आहेत.

विकण्याचं जे लिहिलं ते विसर.

आता ऐक. मागच्या बाजूला गाडी दोन कमानींवर, म्हणजे पोलादी पात्यांच्या स्प्रिंगांवर बसते. कमानीचं पुढचं टोक गाडीला एका जागी बोल्टनं पक्कं असतं. मागचं टोक दोन लोखंडी पट्ट्यांमधून लटकतं, झोपाळ्यासारखं. त्या पट्ट्यांना शॅकल म्हणतात. त्या पट्ट्या लांब घातल्या की गाडी वर जाते. पण पट्टी जेवढी लांब, त्याच्या निम्मीच गाडी उचलते, कारण कमानीचं फक्त एक टोक खाली जातं. इथं सगळे चुकतात. एक इंच उंची हवी असेल तर पट्टी दोन इंच लांब घे. तुला एक इंच पुरेल, आणि कोंबडी होणार नाही.

जुने बोल्ट काढतोच आहेस तर त्यांच्याभोवतीचे रबरी बुशही सगळे नवे घाल. दोन्ही टोकांचे. अठ्ठावीस वर्षांत ते सुक्या मनुकांसारखे झाले असतील.

गाडी जॅकवर उचललीस तरी जॅकच्या भरवशावर खाली शिरू नकोस. लोखंडी घोड्या लाव, दोन्ही बाजूंना. ऑरविलला शेजारी उभा कर. मदत करू देऊ नकोस, नुसता उभा कर. बोल्टांवर आधी तेल सोड आणि एक दिवस वाट बघ. नंतर सगळे बोल्ट नीट आवळ. बस्स.

आणि हॉटडिशचं उत्तर दिलं नाहीस.

आर्डिस

---

फर्गस फॉल्स
२४ एप्रिल

प्रिय आर्डिस,

आज आकाश स्वच्छ. तळ्यावरचा बर्फ काल फुटला. काम झालं.

हॉटडिश मार्चमध्येच थांबल्या. मी अंडी आणि बटाटे करतो, जमतात.

पट्ट्या आणि बुश टपालानं मागवले. तू सांगितलंस तसं तेल सोडून एक दिवस थांबलो. डावीकडचा पुढचा बोल्ट तरीही हलेना. ऑरविलनं तीन सूचना केल्या, मी एकही ऐकली नाही, आणि मग बोल्ट आपोआप सुटला. जुने बुश मनुकांसारखेच निघाले. हातात घेताना चुरा झाला.

गाडी घोड्यांवर असतानाच सगळे बोल्ट आवळले. खाली हात घालायला तेव्हा चांगली जागा असते. दुकानात प्रत्येक पुडी दोनदा तपासायचो तसा प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला. मग गाडी खाली आणली.

तू एक इंच म्हणाली होतीस, मला दीड मिळाला. मी तीनदा मोजलं. मागच्या सीटवर पाणी मऊ करायच्या मशीनच्या मिठाची पोती ठेवली, ऑरविल आणि तू मिळून व्हाल तेवढी. तुझं वजन अंदाजानं धरलं, माफ कर. टायर आणि मडगार्डच्या मध्ये अंगठा सहज जातो. लांबून बघितलं तर गाडी उचलल्यासारखी दिसत नाही. ऑरविल म्हणाला, मार्लिसला कळलंही नसतं. मला वाटतं तिला कळलं असतं, पण ती गप्प राहिली असती.

तू शुक्रवारीच ये. पाहुण्यांची खोली स्वच्छ केली आहे. तिथं तिचं शिवणाचं सामान होतं ते मी वर नेलं. टाकलं नाही.

येशील तेव्हा किती वाजता येशील ते कळव.

तुझा,
एडविन

---

जेम्सटाउन
२९ एप्रिल

एडविन,

दीड इंच! तुझी मोजपट्टी औषधाच्या दुकानातली दिसते, गिऱ्हाइकाला जास्त मिळालंय असं वाटायला लावणारी. असो. शाबास. आमचे वडील असते तर त्यांनी तुला सिगारेट दिली असती. ते यापेक्षा जास्त कौतुक कुणाचं करत नसत.

आणि माझं वजन अंदाजानं धरलंस त्याबद्दल भेटल्यावर बोलू.

आता ती थोडी चालव. गॅरेजात ठेवून तिच्याकडं बघत बसू नकोस, मला माहीत आहे तू तसं करत असशील. खडीच्या रस्त्यावर ने.

माझ्या मागच्या अंगणात रुबार्ब वर आलाय. लाल आंबट देठ, हातभर पानं. मार्लिस त्याची मुळं इथूनच घेऊन गेली होती, आणि नंतर सगळ्यांना सांगायची की तिचा रुबार्ब माझ्यापेक्षा गोड. रुबार्ब कुणाचाच गोड नसतो.

आर्डिस

---

फर्गस फॉल्स
८ मे

प्रिय आर्डिस,

आज चर्च झाल्यावर व्हॅलियंट घेऊन खडीच्या रस्त्यानं स्मशानापर्यंत गेलो. मागं मिठाची पोती होती. जाताना ठीक. परत येताना मागून करकर आवाज सुरू झाला, जुन्या दारासारखा. पुलाआधीच्या वळणावर टायर घासला. घरी येऊन बघितलं तर डाव्या टायरच्या कडेचा रबर एका पट्टीत खरवडला गेला आहे. गाडी दोन्ही बाजूंनी खाली आली आहे, डावीकडून जास्त. दीड इंच कुठं गेला मला कळत नाही. बोल्ट सगळे घट्ट आहेत, पुन्हा तपासले.

हे माझ्या हाताचं काम नव्हतं, असं आता वाटतं. अंत्यविधीवाल्यांना फोन करून २१ तारखेला त्यांची गाडी ठेवायला सांगितली आहे. नको झाल्यास त्या आठवड्यातल्या बुधवारच्या आत कळवा म्हणाले. मार्लिसला मी बरं म्हणालो होतो. पण अर्ध्या रस्त्यात तिला घेऊन थांबावं लागण्यापेक्षा ते बरं.

दुसरी गोष्ट. मी तुला दोनदा विचारलं, तू येशील ना. दोन्ही वेळा तू दुसऱ्या गोष्टींबद्दल छान लिहिलंस. तुला यायचं नसेल तर मी समजू शकतो. काही लोकांना ते बघवत नाही. कारण सांगायची गरज नाही. फक्त कळव, म्हणजे मी डावीकडच्या जागेवर कुणाला तरी बसवीन. ती रिकामी नको.

तुझा,
एडविन

---

जेम्सटाउन
१० मे

एडविन,

आधी फोन उचल आणि ती काळी गाडी नको म्हणून सांग. मग पुढचं वाच.

सांगितलंस? बरं.

चूक तुझी नाही, माझी आहे. "नीट आवळ" लिहिलं आणि केव्हा आवळायचं ते लिहिलंच नाही. आम्हाला ते लहानपणापासून माहीत, म्हणून सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. आणि तू दीड इंच लिहिलंस तेव्हा तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी विनोद करत बसले.

गाडी घोड्यांवर असते तेव्हा चाकं खाली लोंबतात आणि कमानी सैल लटकतात. त्या अवस्थेत तू बोल्ट आवळलेस. म्हणजे रबराचा बुश त्या लटकलेल्या अवस्थेतच पकडला गेला. मग गाडी खाली आणलीस. कमान वजनानं वळू पाहते, रबर तिला वळू देत नाही, पिळलेल्या फडक्यासारखं ताणून धरतं. तुझा वरचा अर्धा इंच तो होता. ती उंची पट्ट्यांची नव्हती, रबराच्या हट्टाची होती. खडीवर हिसके बसले, रबर फाटलं, गाडी खाली आली. करकर आवाज त्याचाच.

आता असं कर. बुशचा नवा संच मागव, फाटलेले काढ. गाडी घोड्यांवर घेऊन नवे बसव, पण बोल्ट हातानं फिरतील इतपतच ठेव. मग गाडी जमिनीवर आण, चारही चाकांवर. मागं पोती ठेव. मागच्या बंपरवर बसून खालीवर हो, चांगला दहा-बारा वेळा. शेजारी बघतील, बघू देत. गाडी आपल्या जागेवर बसली की मग, आणि तेव्हाच, खाली आडवा होऊन बोल्ट आवळ. जागा कमी असते, कोपरं सोलतात. सगळ्यांचीच सोलतात. तुला एक इंच मिळेल, दीड नाही. पण तो खरा असेल.

आता दुसरं. हे फोनवर बोलता येणार नाही म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आलं असेल तर त्याचं कारणही तेच.

मला यायचं नाही असं नाही. मला गाडी चालवता येत नाही आता. मागच्या शरद ऋतूपासून डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, बघायचं ते दिसत नाही. डॉक्टरांनी लायसन्स परत द्यायला लावलं. तुझी पत्रं भिंगानं वाचते, एकेक शब्द. मी कुणाला सांगितलं नाही. मार्लिसला फोनवर सांगणार होते, पण तिचं स्वतःचंच तेव्हा सुरू झालं होतं. नॉर्थ डकोटाच्या निम्म्या गाड्या आमच्या वडिलांच्या हाताखालून गेल्या, आणि त्यांच्या मुलीनं बसची वाट बघत उभं राहायचं, हे मला जमत नव्हतं. म्हणून मी रुबार्बबद्दल लिहिलं.

डावीकडच्या जागेवर कुणालाही बसवू नकोस. मला न्यायला ये. व्हॅलियंट घेऊनच ये, हायवेवर. परत जाताना मी मागं बसेन. माझं खरं वजन काय आहे ते तुला आणि त्या टायरला एकदाच कळेल.

आर्डी

---

फर्गस फॉल्स
२५ मे

प्रिय आर्डिस,

आज बुधवार. सकाळी ढग होते, दहा वाजता ऊन पडलं. अक्षर मोठं काढतो आहे, म्हणून पानं जास्त झाली तर मला नवीन सवय लागली असं समजू नकोस.

ऑरविल काल तुला सोडून सुखरूप परत आला. म्हणाला, वाटेत तू त्याला तीनदा गियर चुकला म्हणून सांगितलंस, आणि तिन्ही वेळा तो चुकला होता.

तुला न्यायला आलो त्या दिवशी मी तुला सांगितलं नाही, पण जेम्सटाउनपर्यंत येताना रेडिओ लावला नव्हता. मागचा आवाज ऐकत होतो. परत येतानाही तुझ्या बोलण्याकडं माझं अर्धंच लक्ष होतं. तुझ्या शेजाऱ्याच्या कुत्र्याचं काय झालं ते पुन्हा सांगशील तर बरं होईल.

शनिवारचं मला एवढंच लिहायचं आहे की खडीच्या रस्त्याला लागल्यावर मी आरशात बघितलं तेव्हा ऑरविलनं गाल फुगवून श्वास धरला होता आणि दोन्ही हातांनी पुढची सीट पकडली होती, जणू त्यानं त्याचं वजन कमी होणार होतं. पुलाआधीच्या वळणावर मागचं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी पूर्ण खाली बसली. मीही श्वास धरला होता. पेटीवर माझा उजवा हात होता. तेव्हा तू म्हणालीस, "ऑरविल, श्वास सोड. घासत नाहीये." त्यानं तो सोडला, फार मोठा, आणि तू हसलीस, आणि मी हसलो. पाळक पुढच्या गाडीत होते. आम्ही तिघं हसत स्मशानात आलो, हे त्यांना कसं वाटलं असेल माहीत नाही. मला बरं वाटलं.

आणखी एक तुला ठाऊक नाही असं मला वाटतं. सगळं झाल्यावर, लोक कॉफीला चर्चच्या तळघरात गेले तेव्हा तू मागं राहिलीस. मी दारातून बघितलं. तू गाडीजवळ जाऊन मडगार्डच्या कडेखाली बोटं घातलीस आणि टायरवरून हात फिरवलास, आधी डावीकडं, मग गाडीला वळसा घालून उजवीकडं. बराच वेळ. मी हाक मारली नाही. नंतर कॉफी घेताना तू डेल्बर्टला म्हणालीस की दोन्ही बाजूंना सारखीच दोन बोटं आहे, आणि हे काम तुझ्या बहिणीच्या नवऱ्यानं केलंय, तो औषधं विकायचा. डेल्बर्टनं मला ते आज सकाळी सांगितलं. तो माती किती बसली ते बघायला गेला होता. अजून थोडी बसेल म्हणाला, मग गवत लावू.

ऑगस्टमध्ये फार्गोला जुन्या गाड्यांचं संमेलन आहे. मार्लिस दर वर्षी जायची. मी पत्रकं मागवली आहेत. तू येणार असशील तर मी तुला न्यायला येईन. मला तिथं कुणाशी काय बोलायचं ते कळणार नाही, पण तुला कळेल. कुठली गाडी कोंबडी आहे ते मी तुला सांगत जाईन. तेवढं मला आता ओळखता येतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पुढं केव्हा जायचं आहे? तारीख कळव. बसनं जाऊ नकोस.

तू झोपलीस त्या खोलीतल्या चादरी सकाळी धुवून दोरीवर घातल्या होत्या. वारा चांगला होता, वाळल्या असतील. मोठी चादर एकट्याला घडी करायला अवघड जाते, तिचा मधला भाग हनुवटीखाली धरावा लागतो, नाहीतर ती गवतावर लोळते. आता जाऊन तेवढं करतो.

तुझा,
एडविन